कूलरचं पाणी

कहकशांचं पत्र संक्रांतीच्या सुमारास आलं होतं. अधिक महिना लागला तरी मी त्याचं उत्तर दिलं नव्हतं.

दोन पानांचं पत्र. अक्षर तेच, विद्यार्थिनी असतानाचं, डावीकडे किंचित कललेलं. मी नांदेडला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होतो तेव्हा ती इतवाऱ्यात खालाकडे, म्हणजे मावशीकडे, राहून शिकत होती, घर लातूरला. गांडुळाची चिरफाड झाली की सगळी मुलं पुस्तकातली आकृती वहीत उतरवायची. ही एकटी समोरच्या ट्रेमध्ये जे दिसतंय ते काढायची, फाटलेलं आतडं फाटलेलंच. मी तिला त्याबद्दल शाबासकी दिली होती म्हणे. मला आठवत नाही. तिला आठवत होतं, आणि पत्राचं मूळ तिथंच होतं.

आता ती हैदराबादला एका संशोधन संस्थेत उंदरांवर काम करते. तिने लिहिलं होतं: "सर, फोनवर बोलले तर मला रडू येईल आणि तुम्हाला काय बोलावं ते सुचणार नाही, म्हणून लिहिते."

मग तिचं काम. मेंदूतल्या नसांवर एक आवरण असतं, तारेवर असतं तसं. ते तयार करणाऱ्या वेगळ्या पेशी असतात. काही माणसांत शरीराच्या रक्षक पेशींना हे आवरणच शत्रू वाटतं आणि त्या ते कुरतडतात. कहकशांच्या अम्मीला, हसीनाबींना, हाच आजार आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस. आवरण करणाऱ्या पेशी बिचाऱ्या नुसता मार खातात असं पूर्वी मानायचे. पण रक्षक पेशी एकमेकींना जे इशारे देतात ते या पेशींनाही ऐकू येतात. कहकशांने असे उंदीर तयार केले होते की ज्यांच्या जनुकांत फेरफार करून फक्त या पेशींचा एका इशाऱ्यापुरता कान काढून घेतलाय. तिला वाटलं होतं, ऐकू आलं नाही तर पेशी शांत राहतील, तसाच आजार मुद्दाम घडवला तरी उंदीर कमी आजारी पडतील. झालं उलटं. तिचे हे बहिऱ्या पेशींचे उंदीर लवकर आणि जास्त लुळे पडू लागले. तिचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. ती सगळं पुन्हा पहिल्यापासून करत होती.

पुढचं वाक्य मला पाठ झालं होतं. "सर, आमच्याकडे नियम आहे. उंदराची शेपूट लुळी पडलीय का, मागचे पाय ओढतोय का, हे बघणाऱ्याला तो कोणता उंदीर आहे ते माहीत नसावं. पिंजऱ्यावर नुसते आकडे असतात. माहीत असलं की माणसाला हवं ते दिसतं. मी दर शुक्रवारी व्हिडिओवर अम्मीला बघते. ती छान चालते. पण हल्ली ती मान एका बाजूला करून माझ्याकडे बघते. की मलाच तसं वाटतं? मला ती अम्मी आहे हे माहीत असतं, सर. माझं निरीक्षण बाद धरा. अब्बांचंही. तुम्ही एकदा जाऊन बघाल का? ठीक आहे, काळजी करू नकोस, असं लिहू नका. जे दिसेल ते लिहा. त्यावर मी परत यायचं की नाही ते ठरवीन."

शेवटच्या ओळीपाशी मी अडलो. एका मुलीने इतक्या वर्षांचं काम सोडायचं की नाही, हे माझ्या दोन ओळींवर? मी डॉक्टर नाही. हसीनाबींना मी एकदाच भेटलो होतो, कॉलेजच्या ऑफिससमोर, त्याही वेळी मी नमस्कार करायला विसरलो होतो. परक्या घरी जायचं, आणि काय म्हणायचं? ताई, जरा चालून दाखवा?

मी कागद घ्यायचो, "चि. कहकशां हिस अनेक आशीर्वाद" लिहायचो आणि पेनाचं टोपण लावायचो.

"नुसतं पत्र मिळालं म्हणून तरी लिवा की," सिंधु, माझी बायको, म्हणायची.

"आणि पुढं काय लिहू?"

"पुढचं कळल्यावर पुढचं लिवा. एवढी पुस्तकं वाचली, त्यात पत्राचं उत्तर कसं द्यायचं ते नव्हतं का?"

त्यात ते नव्हतं.

मग सटवाजीचा फोन आला. सटवाजी माझा मेहुणा, लातूरला असतो. अधिक महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, अनारशाचं वाण द्यायचं, ही आमच्याकडची रीत. सासरे गेले तरी सटवाजीने ती सोडली नाही. दर तीन वर्षांनी मी, दात नसलेला जावई, पाटावर बसतो आणि कुंकू लावून घेतो. यंदा अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला. लोह्यावरून, अहमदपूरवरून एसटी लातूरला पोचेपर्यंत मी निम्मा झालो होतो. बसमध्ये सिंधुने एकच विचारलं, "पत्र घेतलंय न्हवं?" खिशात होतं. बाहेर नांगरलेली काळी रानं भाजत पडली होती. मला वाटत होतं, बस बंद पडली तर बरं होईल.

जेवण झालं. सटवाजीने आग्रह करून तिसरा धोंडा वाढला, वर तूप. सगळे आडवे होण्याच्या बेतात असताना मी चपला घातल्या.

"दाजी! या उनात कुठं? डोस्कं ठिकाणावर हाय न?"

"जरा बाजारात जाऊन येतो. गंजगोलाईकडं."

"गंजगोलाईला आत्ता कुत्रं बी न्हाई!"

"जाऊ दे त्यांना," सिंधु आतून म्हणाली. "एकदाचे निघालेत तर अडवू नको."

खरं सांगायचं तर भर दुपारची वेळ मी धाडसाने निवडली नव्हती. संध्याकाळपर्यंत थांबलो असतो तर गेलोच नसतो, एवढंच.

कहकशांच्या अब्बांचं, जिलानीभाईंचं, कूलरचं दुकान गल्लीत पुढे आणि घर त्याच्या मागे. दुकानाचं शटर अर्धं खाली, बाहेर पत्र्याचे रिकामे सांगाडे आणि कूलरला लावायच्या वाळक्या गवताचा ढीग. उन्हाळ्यात हा माणूस घरी सापडत नाही, सगळ्या लातूरचे कूलर तेव्हाच बिघडतात. मी मागच्या दाराची कडी वाजवली.

बराच वेळ कुणी आलं नाही. आतून काहीतरी फरशीवर घासत येत होतं. थोडं सरकायचं, थांबायचं, पुन्हा सरकायचं. मी परत फिरायच्या विचारात होतो. दार उघडलं. हसीनाबी प्लास्टिकची खुर्ची पुढे ढकलत, तिच्या पाठीवर भार देऊन आल्या होत्या. दुसरा हात भिंतीवर. चेहरा घामाने भिजलेला.

"कोण?" त्यांनी मान डावीकडे वळवली आणि एका डोळ्याने बघितल्यासारखं बघितलं. "सर? नांदेडचे सर? या अल्ला! आत या, आत या. कळवलं तरी असतं."

"कळवलं असतं तर..." मी म्हणालो आणि थांबलो.

"तर कूलर लावून बसले असते," त्यांनीच वाक्य पुरं केलं आणि हसल्या.

आत काहिली होती. खिडकीत मोठा कूलर होता, पण बंद. कोपऱ्यात पाण्याचं निळं पिंप, त्यावर झाकण, झाकणावर दगड. लातूरला नळाचं पाणी आठवड्याने येतं, कधी त्याहून उशिरा. दारापासून मोरीपर्यंतच्या भिंतीवर हाताच्या उंचीला एक तेलकट काळपट पट्टा गेला होता. पट्ट्याला हाताची बोटं लागून लागून झळाळी आली होती. पलीकडची, खिडकीजवळची भिंत मात्र नवीन चुना दिलेली, पांढरी. त्या भिंतीसमोर तिवईवर मोबाइल उभा करायचा लाकडी ठोकळा होता.

त्या पाणी आणायला वळल्या. मी उठलो.

"बसा सर. मेहमानानं उठायचं नसतं." खुर्ची सरकली, थांबली, सरकली. डावा पाय फरशीवरून उचलला जात नव्हता, ओढला जात होता. पेला माझ्या हातात येईपर्यंत अर्धा झाला होता.

"पोरीनं धाडलं न?" खुर्चीत बसत त्यांनी विचारलं.

"हाव. पत्र आलं होतं. संक्रांतीला."

"संक्रांतीला? आन् आता आले!" त्या पुन्हा हसल्या. "नांदेडहून पायी निघाले होते का?"

मी पाणी प्यालो.

"काय म्हणली?"

"बघायला सांगितलंय."

"काय बघायला?"

"तुम्ही कशा चालता ते." माझे कान गरम झाले. "माफ करा."

"माफी कशाची. मला ठावं हाय तिचं. फोनवर म्हणते, अम्मी, खिडकीत जाऊन बघ, बाहेर कोण ओरडून राहिलं. बाहेर कोणी नसतं. इकडं मी चालते आन् तिकडं ती नंबर देते, तिच्या चुहेलोगांना देते तसे. पण मी बी कमी न्हाई, सर."

मग त्यांनी सगळं सांगितलं, जरा अभिमानानेच. कूलरला पाणी लागतं, पाणी तर मोजकं. म्हणून आठवडाभर त्या कूलर कोरडा ठेवतात आणि पिंपातलं पाणी शुक्रवारसाठी राखतात. शुक्रवारी कॉलच्या आधी कूलर भरायचा, त्याच्या पुढ्यात बसून राहायचं, मानेवर ओला टॉवेल. अंग गार झालं की पाय हलके होतात. मग टॉवेल लपवायचा आणि पांढऱ्या भिंतीसमोरून खिडकीपर्यंत जाऊन यायचं.

"हीरोइनसारखी चालते बघा. नंतर दोन दिवस पडून ऱ्हाते, ते अलग."

हे खरं असतं, मी वाचलं होतं. आवरण झिजलेल्या नसेतून उष्णतेत निरोप नीट जात नाही, गारव्यात पुन्हा जातो. पण वाचणं वेगळं. इथं एक बाई उन्हाळाभर कोरड्या कूलरशेजारी बसून होती, पिंपावर दगड ठेवून.

"डॉक्टरांना हे माहीत आहे?"

"डॉक्टरचा नंबर सकाळचा घेते. तिथं एसी हाय. घंटाभर बसायचं, मग आत जायचं. ते म्हणतात, बढिया, तेच इंजेक्शन चालू ठेवा." त्यांनी आवाज खाली आणला, घरात दुसरं कोणी नव्हतं तरी. "डॉक्टरपाशी पोरीचा फोन नंबर हाय, सर. काही झालं तर तो तिला सांगंल. मग ती सामान बांधून येईल. ते चुहे बनवायलाच तिला वर्षं लागली. ह्या जातीचा त्या जातीशी लावायचा, पिल्लांच्या कानाचा तुकडा काढून तपासायचा, पुन्हा लावायचा. ती आली तर कोण बघणार त्यांना? माझ्यापायी सगळं जाईल. तुम्ही लिहा, ठीक हाय म्हणून. तुमचं ती ऐकंल."

मला वाटलं, लिहून टाकावं. तीच एक ओळ लिहू नका म्हणून पोरीने बजावलं होतं, आणि तीच लिहिणं सगळ्यांना सोयीचं होतं. मलाही. मी काहीच बोललो नाही. माझ्या न बोलण्याचा लोक हवा तसा अर्थ घेतात; त्यांना ते होकारासारखं वाटलं असावं, कारण त्यांनी विषय बदलला.

"ती नक्की काय करते त्या चुहेलोगांचं? मला सांगते, पण माझ्यासाठी लई सोपं करून सांगते. तुम्ही नीट सांगा."

एवढं मला येतं. मी नीट सांगितलं. आवरण, ते करणाऱ्या पेशी, रक्षक पेशींचा इशारा, काढून घेतलेला कान. आणि तिने धरलं होतं एक आणि दिसलं भलतंच, तेही.

"म्हंजे ऐकू आलं न्हाई, ते जास्त बीमार?"

"तिच्या उंदरांत तसं दिसतंय. अजून पक्कं नाही. आणि उंदरावरून माणसाचं काही सांगू नये."

"मी कुठं माणसाचं म्हणले?" त्या म्हणाल्या आणि बंद कूलरकडे वळल्या. मग त्याच सुरात, जणू दुधाचं सांगावं तसं, म्हणाल्या, "थंडीत एक डोळा धुरकट झाला होता. डावा. लई दिवस. हलवला की दुखायचा. आता बराच साफ हाय, रंग तेवढे फिके दिसतात. कोणाला सांगितलं न्हाई."

म्हणजे मान वळवलेली कहकशांला खरीच दिसली होती. पत्र माझ्या खिशात होतं, घामाने ओलं झालेलं.

"तर मग काय लिहिणार, सर?"

मी भिंतीकडे बघितलं. "भिंतीवरचा पट्टा लिहीन," मी म्हणालो. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही. "खुर्ची लिहीन. मला दुसरं काही येत नाही, ताई. ठीक आहे की नाही, हे मी ठरवू शकत नाही."

त्यांनी पट्ट्याकडे बघितलं, पहिल्यांदाच दिसल्यासारखं. "यालाच चुना द्यायचा राहिला," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात जिलानीभाई आले, खांद्यावर कूलरची मोटर घेऊन. मला बघून त्यांनी मोटर खाली ठेवली, हात पुसले आणि दोन्ही हातांनी माझा हात धरला.

"हिनं तुम्हाला बी ठीक हाय म्हणून सांगितलं का?"

"डोळ्याचं सांगितलं," हसीनाबी म्हणाल्या, आणि त्यांनाही सांगितलं.

जिलानीभाई मोटरीवरच बसले. "पाय उनानं जातो म्हणालीस, ते मानलं. डोळ्याचं मला सांगितलं न्हाईस तू."

"तुम्हाला सांगितलं असतं तर घडीभरात पोरीला कळलं असतं. तुमच्या पोटात पाणी ऱ्हात न्हाई."

"ऱ्हाईल कुठून? सगळं पाणी तू पिंपात कोंडून ठेवलंस! मी म्हणलं, घरात पाणी हाय तर कूलर का सुका? तर म्हणते, मला गारवा सोसत न्हाई. साऱ्या गावाचे कूलर दुरुस्त करून राहिलो मी, आन् माझ्या घरात..." ते माझ्याकडे वळले. "मोटरचं वाइंडिंग जळालं तर नवं भरतो, सर. हिचं कुठं भरू?"

मग जिलानीभाईंनी पिंपावरचा दगड उचलून दाराबाहेर ठेवला आणि बादलीने कूलर भरू लागले. बुधवार होता.

"शुक्रवारला काय करू मग?" हसीनाबी म्हणाल्या.

"शुक्रवारला पोरीला खरं दिसू दे."

"दिसू दे. पण चुहे सोडून आली तर दार उघडणार न्हाई, तिला लिहा, सर," खुर्ची धरून उभ्या राहत त्या हसल्या.

कूलर सुरू झाल्यावर त्यांनी बसून डोळे मिटले. तशाच म्हणाल्या, "सर, एक अट. आधी मी डॉक्टरला दाखवते, दुपारचं. एसीत न बसता. डोळ्याचं बी सांगते. मग तुम्ही लिहा. आधी लिहिलं तर ती अर्ध्या गोष्टीवरच गाडीत बसंल."

आम्ही लातूरचा मुक्काम वाढवला. सटवाजी खूश झाला, त्याने आणखी धोंडे केले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी दवाखान्यात गेलो. जायचं कारण नव्हतं, पण हसीनाबींनी बोलावलं होतं. रिक्षातून उतरून त्या जिलानीभाईंच्या खांद्यावर हात ठेवून सरळ आत गेल्या. मी बाहेर बाकावर बसून राहिलो. फार दमलो होतो. उन्हाने की कशाने, कळत नव्हतं.

त्या बाहेर आल्या तेव्हा हातात स्कॅनची चिठ्ठी होती. उन्हाने पाय जातात ते येतं-जातं, डॉक्टर म्हणाले होते, त्यावरून आजार वाढला असं नाही. पण डोळ्याचं ते नवीन आक्रमण होतं, आणि डाव्या पायाचंही बघावं लागेल. आताचं इंजेक्शन पुरत नाही. स्कॅन झालं की दवाखान्यात ठेवून सलाइनमधून दुसरं औषध सुरू करू.

"आणखी काय म्हणाले?"

"म्हणाले, थंडीतच यायला पाहिजे होतं."

मी खिशातलं संक्रांतीचं पत्र चाचपलं.

"तुम्ही बी उशिरा आले, मी बी उशिरा आले," हसीनाबी म्हणाल्या. "चला, बरोबरी झाली. आता लिहा."

संध्याकाळी सटवाजीच्या माडीवर बसून लिहिलं. आशीर्वाद लिहून झाल्यावर नेहमीसारखं पेन थांबलं. मग पहिली ओळ लिहिली ती अशी: "दुपारी न कळवता गेलो. दार उघडायला वेळ लागला." त्यानंतर फारसं थांबावं लागलं नाही. खुर्ची लिहिली, पट्टा लिहिला, ओढला जाणारा डावा पाय लिहिला. पिंपावरचा दगड लिहिला. डोळा लिहिला आणि डॉक्टर जे म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत लिहिलं. मान वळवलेली तुला दिसली होती ती खरीच होती, हेही लिहिलं.

शेवट असा केला: "तुझी अम्मी म्हणाली, उंदीर सोडून आलीस तर दार उघडणार नाही. हे म्हणताना ती खुर्ची धरून उभी होती आणि हसत होती. अब्बा कूलरमध्ये पाणी भरत होते. तू यावंस की न यावंस, हे मला दिसलं नाही, म्हणून लिहीत नाही. ती कोण आहे हे मलाही माहीत होतं. तेव्हा माझं निरीक्षणही पूर्ण धरू नकोस. उत्तराला फार उशीर झाला."

सकाळी नांदेडच्या बसला निघताना सिंधुने रिक्षा पोस्टाशी थांबवायला लावली. तिच्या मांडीवर वाणाच्या अनारशांचा डबा होता. मी पेटीपाशी गेलो. पाकीट चिकटवलं होतं, तरी मला एकदा उघडून ती "पूर्ण धरू नकोस" वाली ओळ बघायची होती. ती जरा जास्त झाली का, की कमी.

"अहो," सिंधु रिक्षातून ओरडली, "बस जाईल."

मी पाकीट पेटीत टाकलं.